मीना उडालेली अंगठी: इंग्लंडच्या एका शेतात सापडलेल्या दागिन्याचं प्रकरण

मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळणं हा इंग्लंडमध्ये हजारो लोकांचा सुट्टीचा छंद आहे. अटी पाळल्या तर तो कायदेशीरही आहे. त्यातून दरवर्षी हजाराच्या वर प्रकरणं 'ट्रेझर', म्हणजे कायद्याने कळवावं लागणारं सापडलेलं धन, म्हणून कोरोनर या चौकशी अधिकाऱ्यापर्यंत जातात. पुढे मांडलेलं प्रकरण त्यातलंच, पंधराव्या शतकातल्या एका सोन्याच्या अंगठीचं. ओळख पटू नये म्हणून माणसांची आणि गावांची नावं गाळली आहेत, वजन, तारखा आणि रकमा थोड्या हलवल्या आहेत. घटनांचा क्रम आणि चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

पूर्व इंग्लंडमधलं अठरा एकरांचं गव्हाचं शेत. सप्टेंबरचा मध्य, कापणी झालेली, नांगर अजून फिरायचा होता. डिटेक्टरवाल्यांना हाच हंगाम हवा असतो. पीक उभं नसतं आणि धसकटं आखूड कापलेली असली की कॉइल, म्हणजे यंत्राच्या दांड्याखालची तबकडी, जमिनीला जवळपास टेकवून फिरवता येते. कॉइल जितकी वर राहील तितकी खोली हातची जाते. अंगठीएवढ्या वस्तूसाठी साध्या यंत्राची पोच वीस-पंचवीस सेंटिमीटरच असते, त्यातले पाच सेंटिमीटर धसकटांनी खाल्ले तर उरतं काय?

शोधणारा पन्नाशीतला, सहा वर्षांचा अनुभव असलेला, एका स्थानिक क्लबचा सभासद. शेत कसणारा कूळ आणि शेताची मालकी एका ट्रस्टची. परवानगी कुळाने दिली होती, तीही फाटकापाशी उभं राहून, तोंडी. "काही सापडलं तर निम्मं-निम्मं." एवढंच बोलणं झालं. ट्रस्टला याची गंधवार्ता नव्हती.

एक काम मात्र त्याने नीट केलं होतं. जाण्याआधी सरकारी नकाशावर शेत तपासलं होतं. शेजारच्या कुरणात मध्ययुगीन खंदकाने वेढलेल्या वाड्याची जागा आहे आणि ती संरक्षित स्मारक म्हणून नोंदलेली आहे. अशा जागेत परवान्याशिवाय डिटेक्टर फिरवणं हा १९७९ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली गुन्हा आहे, मालकाची परवानगी असली तरीही. संरक्षित हद्द बांधापाशी संपत होती. त्याने बांधापासून वीस मीटर आत येऊन सुरुवात केली. पुढे त्याच्या बाजूने बोलणाऱ्या गोष्टी फार नव्हत्या, त्यांतली ही एक.

सिग्नल आला तो यंत्राच्या, धातू कोणता असावा ते सुचवणाऱ्या ० ते ९९ च्या पट्टीवर ५४-५६ च्या आसपास. हा आकडा बदनाम आहे. थंड पेयाच्या डब्याची ओढून काढायची अॅल्युमिनियमची कडी याच पट्ट्यात वाजते आणि चांदीकागदाचे बोळे त्याच्या थोडे खाली. कचरा टाळायला बरेच जण हा पट्टा यंत्रात बंद करून ठेवतात, आणि सोन्याच्या अंगठ्या नेमक्या तिथेच असतात. याने पट्टा चालू ठेवला होता. आवाज दोन्ही दिशांनी फिरवताना एकसारखा, गोल येत होता. अखंड अंगठी म्हणजे विजेच्या दृष्टीने पूर्ण कडं, त्यामुळे ती तिच्या वजनाच्या मानाने मोठ्याने बोलते. तीच तुटलेली असती तर कदाचित तो पुढे निघून गेला असता.

पहिली वीस मिनिटं

सतरा सेंटिमीटर खाली, नांगरटीच्या थरातच, मातीच्या ढेकळात अंगठी अडकलेली. ढेकूळ फुटलं तेव्हा माथ्याचा अर्धा भाग दिसू लागला. त्याने अंगठी तशीच खड्ड्यात ठेवून फोनवर एक फोटो काढला. मग ती उचलली, अंगठ्याने माती पुसली, बाटलीतलं पाणी ओतलं, पुन्हा पुसलं आणि तळहातावर ठेवून दुसरा फोटो काढला. दोन फोटोंमध्ये चार मिनिटांचं अंतर आहे.

हे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले की प्रकरणाचं मर्म दिसतं. पहिल्यात अंगठीच्या खांद्यावर कोरलेल्या फुलाच्या पाच पाकळ्यांपैकी चार पांढऱ्या आहेत, म्हणजे मीना भरलेल्या. दुसऱ्या फोटोत पांढरी पाकळी एकच. बाकीच्या तीन खळग्यांच्या तळाशी उघडं सोनं चमकतंय आणि त्यावर वाळूच्या कणांनी ओढलेल्या बारीक समांतर रेषा आहेत. साडेपाचशे-सहाशे वर्षं जमिनीत तग धरलेला मीना चार मिनिटांत गेला.

असं का होतं? मीना म्हणजे धातूवर वितळवून बसवलेली काच. ओल्या जमिनीत काचेतले क्षार हळूहळू पाझरून जातात आणि तिचे पातळ, ठिसूळ पापुद्रे होतात. ते पापुद्रे खळग्यात धरून ठेवायचं काम भोवतालची मातीच करत असते. सोन्याला गंज नाही, म्हणून 'सोनं आहे, धुतलं तर काय बिघडतं' असं वाटतं. सोन्याचं खरंच काही बिघडत नाही. बिघडतं ते सोन्यात बसवलेल्याचं.

अंगठी होती साडेपाच ग्रॅमची, आपल्या भाषेत जेमतेम अर्धा तोळा. माथा दोन उतरत्या पैलूंचा, घराच्या छपरासारखा. डाव्या पैलूवर खांद्यावर बाळ येशूला घेऊन, हातात काठी धरून नदी ओलांडणारा संत ख्रिस्तोफर आणि उजव्यावर चाक नि तलवार घेतलेली संत कॅथरीन. कड्याच्या आतल्या बाजूला टोकदार गॉथिक अक्षरांत फ्रेंच शब्द, 'एन बॉन आन', म्हणजे वर्ष सुखाचं जावो. अशा संतचित्रांच्या अंगठ्या चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून पंधराव्या शतकभर इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये घातल्या जात, आणि नववर्षाला भेट म्हणून दिल्या जात. ख्रिस्तोफरचं चित्र सकाळी पाहिलं तर त्या दिवशी अकस्मात, पापांची कबुली न देता मरण येत नाही अशी समजूत होती. रोज बोटावर दिसेल असा ख्रिस्तोफर का हवा, ते यावरून कळतं. आपल्याकडे गळ्यात ताईत घालतात त्याच्या जवळ जाणारा हा भाव आहे, फक्त इथे ताईत सोनाराने घडवलेला आणि दिमाखाने मिरवलेला.

त्याच संध्याकाळी त्याने क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला फोटो टाकला. खाली लिहिलं, 'पंधराव्या शतकातली असणार.' फोटोच्या वरच्या कोपऱ्यात विजेचा मनोरा आणि त्याच्यामागे चर्चचा सुळका स्पष्ट दिसत होता. या दोन्ही गोष्टी, ते वाक्य आणि तो सुळका, पुढे नडल्या.

अडचण काय होती

इंग्लंडमध्ये १९९६ चा ट्रेझर कायदा लागू आहे. नाण्यांव्यतिरिक्त कुठलीही वस्तू ३०० वर्षांहून जुनी असेल आणि तिच्यात वजनाच्या किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असेल, तर ती एकटी सापडली तरी ट्रेझर ठरते. १४ दिवसांच्या आत त्या भागाच्या कोरोनरला कळवणं बंधनकारक. सबळ कारणाशिवाय न कळवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कोरोनर हा शब्द मुंबईकरांना अपरिचित नाही. संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारं त्याचं न्यायालय मुंबईत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत होतं. इंग्लंडमध्ये मृत्यूबरोबर सापडलेल्या धनाची चौकशीही या अधिकाऱ्याकडे मध्ययुगापासून आहे.

१४ दिवस मोजायचे कधीपासून? वस्तू सापडल्यापासून, किंवा ती ट्रेझर असू शकते असं मानायला पहिल्यांदा कारण मिळालं त्या दिवसापासून. शोधणाऱ्याची समजूत अशी की तज्ज्ञाने सांगितल्यावर घड्याळ सुरू होतं. पण ग्रुपवर त्याने स्वतःच शतक लिहून टाकलं होतं. घड्याळ त्या संध्याकाळीच सुरू झालं होतं आणि पुरावा सेहेचाळीस जणांच्या फोनमध्ये होता.

दुसरी अडचण परवानगीची. तिसरी तो फोटो.

समोरचे पर्याय

ग्रुपमधल्या एकाचा सल्ला होता, थेट लिलावात टाक. त्याने उदाहरण दिलं मिडलहॅमच्या दागिन्याचं. ते उदाहरण नेहमी दिलं जातं आणि नेहमी चुकीच्या कारणासाठी. १९८५ साली उत्तर यॉर्कशरमध्ये मिडलहॅमच्या किल्ल्याजवळ डिटेक्टरवाल्यांना चौकटच्या एक्क्याच्या आकाराचं, ६८ ग्रॅमचं सोन्याचं पदक सापडलं. एका बाजूला त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, आणि वर मोठा नीलमणी. दुसऱ्या बाजूला येशूजन्म. १९८६ मध्ये ते लिलावात १३ लाख पाऊंडांना गेलं. हे घडू शकलं कारण तेव्हाचा नियम वेगळा होता. पुन्हा उकरून काढायच्या हेतूने पुरलेलं असेल तेवढंच सोनं-चांदी राजसत्तेचं, नुसतं हरवलेलं नाही. एकटंदुकटं पदक हरवलेलंच मानलं गेलं. शेवटी १९९२ मध्ये यॉर्कशर म्युझियमने ते २५ लाख पाऊंड जमवून घेतलं. १९९६ च्या कायद्याने हेतूची ही अट काढून टाकली. आज तेच पदक सापडलं तर सरळ कोरोनरकडे जाईल. लिलावाचा सल्ला म्हणजे गुन्ह्याचा सल्ला होता.

दुसरा पर्याय गावातल्या सराफाला दाखवण्याचा. हा त्याने चौथ्या दिवशी केला. सराफाने दोन गोष्टी सुचवल्या, कसोटीच्या दगडावर घासून आम्लाने कस बघायचा आणि अल्ट्रासॉनिक टाकीत टाकून स्वच्छ करायची. रोजच्या धंद्यात दोन्ही योग्य आहेत. इथे पहिलीने कडं झिजलं असतं आणि दुसरीने उरलेला मीना पाण्यात गेला असता, कारण ती टाकी कंपनांनीच मळ सोडवते आणि पापुद्रा झालेली काच तिच्या लेखी मळच. शोधणाऱ्याने नकार दिला. या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा 'नको' तो हाच.

तिसरा पर्याय गप्प बसण्याचा. तो त्याने गंभीरपणे घेतला नाही, पण पुढे ढकलत राहिला. घरच्यांना दाखवायची होती, मुलगी शनिवारी येणार होती. अशी कारणं नेहमीची असतात आणि बहुतेक वेळा खरीही असतात.

चौथा, आणि करायला हवा होता तो पहिल्याच दिवशी, 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम'च्या स्थानिक अधिकाऱ्याला कळवण्याचा. ही योजना १९९७ मध्ये मोजक्या भागांत सुरू झाली आणि २००३ पर्यंत पूर्ण इंग्लंड-वेल्समध्ये पोचली. तिच्या सूचीत पंधरा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद आहे. प्रत्येक भागाला एक 'फाइंड्स लायझन ऑफिसर' असतो, याला पुढे संपर्क अधिकारी म्हणू. ट्रेझर नसलेल्या वस्तूंची नोंद ऐच्छिक असते, ट्रेझरसाठी मात्र कोरोनरपर्यंतचा व्यवहारातला रस्ता याच टेबलावरून जातो. हे सगळं इंग्लंडचं. स्कॉटलंडमध्ये सापडलेली प्रत्येक पुराणवस्तू राजसत्तेची, आणि उत्तर आयर्लंडमध्ये परवान्याशिवाय पुराणवस्तू शोधणंच बेकायदा.

आपल्याकडे हा मार्गच नाही, हे सांगून ठेवलेलं बरं, कारण असे व्हिडिओ पाहून डिटेक्टर मागवणारे इथेही आहेत. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आजही आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. त्यावर १९७२ चा पुरावशेषांचा कायदा आहे. हौशी माणसाला हाताशी धरणारी यंत्रणा मात्र नाही. इंग्लंडचा अनुभव इथे नियम म्हणून वापरता येत नाही, मातीतल्या वस्तूला हात कसा लावावा एवढ्यापुरता येतो.

काय केलं गेलं

अकराव्या दिवशी रात्री त्याने संपर्क अधिकाऱ्याला ईमेल पाठवला. तिकडून 'रजेवर आहे' असं आपोआप उत्तर आलं. पण ईमेलवर तारीख होती, त्यात वस्तूचं वर्णन होतं, फोटो होता, म्हणून मुदत पाळली गेली असं धरलं. फोन केला असता आणि कुणी उचलला नसता, तर दाखवायला काही उरलं नसतं.

अंगठी पोचवली गेली तेव्हा ती कापसात गुंडाळलेली होती. कापूस मऊ असतो म्हणून लोक तोच वापरतात, पण त्याचे तंतू मीन्याच्या कडांत अडकतात आणि काढताना काच उपटतात. योग्य पद्धत साधी आहे. भोवतालची माती तशीच ठेवून वस्तू छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, पिशवीला दोन-चार भोकं पाडायची, आम्लरहित टिश्यूच्या गादीवर कडक डबीत ठेवायची आणि डबी घरातल्या थंड, सावलीच्या जागी. हीटरवर किंवा खिडकीच्या उन्हात नको, कारण एकदम सुकताना पापुद्रे वळतात आणि सुटतात. डबीवर तारीख, शेत आणि स्थाननिर्देशांक.

संपर्क अधिकाऱ्याने पोचपावती दिली, अंगठी दहापट भिंगाखाली ठेवली आणि पहिल्यांदा 'बॉन' शब्दातल्या 'ओ'कडे पाहिलं. कड्याच्या आतल्या बाजूला शोधणाऱ्याचा अंगठा पोचला नव्हता. 'ओ'च्या पोकळीत मातीचा दाणा घट्ट बसलेला होता आणि त्याच्या कडेला पांढऱ्या काचेची नखाच्या कोरीएवढी किनार. अक्षरं नुसती कोरलेली नव्हती, त्यांत मीना भरलेला होता, हे या एका अक्षरावरून ठरलं. कड्याचा आतला भाग पुसलाच नाही, हा निव्वळ योगायोग.

मग धातूची तपासणी, एक्स-रे फ्लुओरेसन्सने. आपल्याकडे सराफाच्या पेढीवर कॅरेट दाखवणारं यंत्र असतं तेच तत्त्व. पहिलं वाचन ८४ टक्के सोनं. पण हे यंत्र पृष्ठभागच वाचतं, आणि पुरलेल्या सोन्याच्या पृष्ठभागातून चांदी-तांबं पाझरून गेलेलं असतं, त्यामुळे कस आहे त्यापेक्षा चढा दिसतो. झिजलेल्या कडेवर वाचन घेतलं तर ७९. कायद्याच्या दृष्टीने फरक शून्य, १० टक्क्यांची रेघ कधीच ओलांडलेली. अहवालात मात्र दोन्ही आकडे आणि दोन्ही जागा लिहिल्या गेल्या, आणि असंच लिहायला हवं. एकच आकडा दिला की दहा वर्षांनी कुणीतरी त्यावर सोनाराच्या कारखान्याचं अनुमान बांधतो.

स्थान हा सगळ्यात वादाचा भाग ठरला. शोधणाऱ्याने ब्रिटिश नकाशाजाळ्यावरचा सहा आकडी निर्देशांक दिला होता. सहा आकडी म्हणजे १०० मीटरचा चौकोन, आठ आकडी म्हणजे १० मीटरचा आणि दहा आकडी म्हणजे १ मीटरचा. योजनेला किमान आठ आकडी हवा असतो. सुदैवाने फोनच्या फोटोत जीपीएसची नोंद होती, तिच्यावरून आठ आकडी काढता आला. फोनचं जीपीएस उघड्या शेतातही तीन-पाच मीटर इकडेतिकडे असतं, त्यामुळे दहा आकडी लिहिला असता तर ती खोटी अचूकता झाली असती.

सहाव्या रात्री शेतात खड्डे पडले होते. कुळाने सकाळी मोजले, तेवीस. सगळे मनोऱ्याच्या रांगेत, फोटो घेतला त्याच बाजूला, एकही बुजवलेला नाही. रात्री चोरून खणणाऱ्यांना तिकडे 'नाइटहॉक' म्हणतात. ग्रुपमधून फोटो कुठे गेला ते सिद्ध झालं नाही. मनोरा आणि सुळका एका रेषेत कुठून दिसतात हे शोधायला उपग्रह-नकाशा आणि दहा मिनिटं पुरतात. पोलिसांत तक्रार झाली. काय नेलं ते कधीच कळणार नाही, कारण तिथे काय होतं हेच नोंदलेलं नव्हतं.

त्यामुळे पुढचा निर्णय घाईने घ्यावा लागला. उत्खनन करायचं का? काउंटीच्या पुरातत्त्व विभागाने नाही म्हटलं, आणि ते बरोबर होतं. वस्तू नांगरटीच्या थरातली होती, खालचा थर अभंग होता. त्याऐवजी ऑक्टोबरच्या शेवटी, रान नांगरून पेरणीआधी सपाट केलं तेव्हा, दोन दिवसांची शिस्तीची पाहणी झाली. २० मीटरचे चौकोन, त्यात काठ्या-सुतळीने आखलेले २ मीटरचे पट्टे, चार डिटेक्टर, कचऱ्याचा एकही पट्टा बंद न करता. लोखंडी खिळ्यासकट प्रत्येक वस्तूला क्रमांक आणि निर्देशांक. सोबत दोन जण नुसती खापरं वेचत होते.

हाती आलं ते असं: शिशाच्या यात्रेकरू-कुपीचे दोन तुकडे, एक पितळी बक्कल, शिशाची एक चातीची चकती, पहिल्या एडवर्डची एक चांदीची पेनी आणि ६१ खापरं. बाकी एकोणिसाव्या-विसाव्या शतकातला कचरा. दुसरी अंगठी नाही, साखळी नाही, मणी नाही.

शोधणाऱ्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. इथे लुप्त झालेलं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर असणार, मठ बंद करून त्यांची संपत्ती जप्त करणाऱ्या आठव्या हेन्री राजाच्या माणसांपासून लपवायला कुणीतरी अंगठी पुरली असणार. मोह समजण्यासारखा आहे, पण खापरं वेगळं सांगत होती. जवळपास सगळी अंगठ्याच्या नखाएवढी, कडा गोल झिजलेल्या आणि शेतभर सारखी पसरलेली. घर किंवा चॅपल असतं तर खापरं मोठी असती, कडा धारदार असत्या, एका जागी दाटी असती, सोबत दगड-कौलं निघाली असती. सारखी पसरलेली झिजकी खापरं म्हणजे उकिरडा. घरातला केर, राख, फुटकी मडकी शेणखतात मिसळून गाडीने शेतात पडतात. ज्याने गावाकडे उकिरडा उपसला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. खतात हरवलेली जोडवी शेतात निघतात तशी ही अंगठी शेजारच्या वाड्यातून खताबरोबर आली असण्याची शक्यता जास्त.

कुप्यांचं कोडं मात्र वेगळं आहे. यात्रास्थानाचं पवित्र पाणी भरून आणायच्या या शिशाच्या छोट्या कुप्या इंग्लंडच्या शेतांत मोठ्या संख्येने सापडतात, आणि त्यांतल्या कित्येकांची तोंडं फाडलेली किंवा वाकवलेली असतात. पीक चांगलं यावं म्हणून ते पाणी मुद्दाम शेतात शिंपडत असावेत, असं एक अनुमान मांडलेलं आहे. इथल्या एका तुकड्याचं तोंडही असंच मुरगळलेलं होतं. कुपी शिशाची, म्हणून ट्रेझर नाही. पाहणीत क्रमांक पडला नसता तर ती डिटेक्टरवाल्याच्या भंगाराच्या डब्यात गेली असती. या शेतातल्या भक्तीबद्दल ती अंगठीइतकंच सांगते, असं म्हणायला हरकत नाही.

निकाल

जानेवारीत संपर्क अधिकाऱ्याचा अहवाल कोरोनरकडे गेला. संग्रहालयांना विचारणा झाली, स्थानिक संग्रहालयाने रस दाखवला. तसं कुणी दाखवलं नसतं तर दावा सोडून अंगठी परत दिली गेली असती. जूनमध्ये कोरोनरची सुनावणी झाली, पाऊण तासात आटोपली, अंगठी ट्रेझर ठरली. त्यानंतर मूल्यांकन समिती, संग्रहालयाने बक्षीस म्हणून किती रक्कम द्यायची ते सुचवणारी.

बाहेरच्या तज्ज्ञाचा पहिला अंदाज ७,००० पाऊंड. शोधणाऱ्याने हरकत घेतली आणि तीन उदाहरणं जोडली. त्यांपैकी दोन दुकानदारांच्या विक्रीसाठी लावलेल्या किमती होत्या आणि एक लिलावाची, खरेदीदाराचं अधिभार-शुल्क धरून. समिती पाहते ती खुल्या बाजारात राजी विक्रेता आणि राजी खरेदीदार यांच्यात ठरेल ती किंमत, दुकानातली पाटी नाही. तरी लिलावाचं उदाहरण शुल्क वजा करून ग्राह्य धरलं गेलं आणि शिफारस ८,००० वर गेली. तज्ज्ञाच्या टिपणात 'मीन्याची अलीकडची हानी' असा उल्लेख होता. मीना शाबूत असता तर आकडा काय झाला असता, हे कुणी लिहून दिलं नाही.

वाटणीत सहा महिने गेले. कायद्याने शोधणारा, जमीन कसणारा आणि मालक अशा तिघांनाही बक्षीस मिळू शकतं. ट्रस्टचं म्हणणं, परवानगी द्यायचा अधिकारच कुळाला नव्हता, भाडेकरारात त्याबद्दल अक्षर नाही. हे ताणलं गेलं असतं तर शोधणारा परवानगीशिवाय आलेला ठरून त्याचा वाटा कापला जाऊ शकला असता. त्याला वाचवलं दोन गोष्टींनी. बांधापासून सोडलेलं अंतर त्याच्या यंत्राच्या नोंदीत दिसत होतं, त्यामुळे त्याच्या सचोटीबद्दल शंका उरली नाही. आणि फाटकावरचं बोलणं खरं असल्याचं कुळाने लेखी दिलं. शेवटी शोधणाऱ्याला ४,००० आणि ट्रस्ट नि कूळ यांना २,००० प्रत्येकी. सापडल्यापासून पैसे मिळेपर्यंत एकोणीस महिने.

कुठे वेगळं करता आलं असतं

खड्ड्यात पहिला फोटो काढला तिथेच थांबायचं होतं. ढेकूळ आहे तसं उचलायचं, डबीत ठेवायचं आणि घरी जायचं. पाण्याची बाटली पिण्यासाठी. माती काढायचं काम भिंगाखाली, ओल्या टोकदार काडीने करायचं असतं आणि ते संवर्धकाचं आहे. खिशात एक कडक झाकणाची डबी आणि टिश्यू असती तर कापसाचा प्रश्नही आला नसता. शंभर ग्रॅमसुद्धा वजन नाही त्याचं.

परवानगी कागदावर हवी होती, आणि कुळाकडून घेताना पहिला प्रश्न 'मालक कोण' हा. डिटेक्टरवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे छापील करारनमुने आहेत. एक पान, तीन सह्या, वाट्याचं प्रमाण. फाटकापाशी हे काढायला संकोच वाटतो, समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. पण तोंडी 'निम्मं-निम्मं' म्हणताना कुळाच्या मनात दोन जण होते आणि कायद्याच्या मनात तीन.

ईमेल अकराव्याऐवजी पहिल्या रात्री जायला हवा होता, तोही त्याच मजकुराने. फोटो दाखवायचाच असेल तर तळहातावरचा, मागे काही न दिसणारा आणि जीपीएसची नोंद काढून टाकलेला. मूळ फाइल मात्र जपून, कारण इथे निर्देशांक तिनेच वाचवला. योजनेची जाहीर सूचीसुद्धा सापडल्याची जागा एक किलोमीटरच्या चौकोनापलीकडे दाखवत नाही, ती याच भीतीने.

संपर्क अधिकाऱ्याच्या बाजूनेही एक उणीव राहिली. रजेवरच्या उत्तरात शेजारच्या भागातल्या सहकाऱ्याचा पत्ता नव्हता. अकराव्या दिवशी लिहिणारा माणूस चौदाव्यापर्यंत थांबला असता आणि मग घाबरून गप्प बसला असता, अशी उदाहरणं आहेत. तो पत्ता आता तिथे आहे.

संग्रहालयात अंगठी आरशावर ठेवली आहे, कड्याच्या आतली अक्षरं वाचता यावीत म्हणून. भिंग लावलं तर 'ओ'मधली पांढरी किनार दिसते. मुरगळलेल्या तोंडाची कुपी तिच्याशेजारी आहे. शेतात यंदा मोहरीवर्गातलं रेपसीडचं पीक आहे, आणि तेवीस खड्ड्यांनंतर कुळाने फाटकाला कुलूप लावलं, ते क्लबच्या सगळ्याच सभासदांसाठी.